हिब्रूच्या सरांची प्रश्नवही

हिब्रू पंचांगातल्या शेवात महिन्याची पौर्णिमा जवळ आली की आमच्या मंडळात नुसती गडबड उडायची. जानेवारी सरत आलेला, शाळेच्या परीक्षा अजून लांब आणि हिब्रूच्या वर्गाची अलिबागची सहल ठरलेली. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नव्या वर्षाच्या दिवशी, आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांत, एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, मलिदा करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू हन्नाबींच्या घोड्याच्या टापांची खूण दाखवतात. ते इथूनच स्वर्गात गेले अशी आमच्या लोकांची पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा आहे. पोटापाण्यासाठी मुंबईला आलेली आमची घरं त्या दिवशी पुन्हा कोकणची वाट धरायची. मंडळाची मोठी माणसं, बायका, डबे, पातेली, चटया असा सगळा लवाजमा असायचा आणि त्याच्या पुढे चालायचे आमचे हिब्रूचे सर.

सरांचं नाव इथे लिहीत नाही. हयातीत त्यांनी मंडळाला कधी सत्कार करू दिला नाही, तेव्हा आता तो मोह नको. दिवसभर रेल्वेच्या कचेरीत कारकुनी आणि रविवारी सकाळी मशिदीला लागून असलेल्या खोलीत आमचा वर्ग, हे त्यांनी आयुष्यभर केलं. (आमच्यात जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतात. सॅम्युएल स्ट्रीटवरची 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेली ती तर सगळ्यांची ‘जुनी मशीद’.) वर्गाची फी नव्हती. खडू-पाटीचा खर्चही ते मंडळाकडून क्वचितच घेत.

सहल सुरू व्हायची भाऊच्या धक्क्यावर. रेवसची लाँच सुटायला वेळ असायचा आणि सरांना रिकामा वेळ बघवायचा नाही. ते आम्हाला मासळीच्या टोपल्यांपाशी नेत. कोळणी ओळखीच्या झालेल्या. ‘आले गो मास्तर पोरांना घेऊन’ म्हणत त्या बाजूला सरकायच्या. मग सर एकेकाला पुढे बोलवत. ह्यातली आपल्याला चालणारी कुठली, न चालणारी कुठली, सांगा. पर आणि खवले दोन्ही असले तरच मासा आपल्या पानात येतो, हा तोरातला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला, नियम आम्हाला पाठ होता. पण पाठ असणं वेगळं आणि ओल्या टोपलीत हात घालून रावस उचलणं वेगळं. मुशी दिसते माशासारखी, पर आहेत, मग ती का नाही? सर म्हणायचे, बोट फिरवून बघ. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आम्ही लांबूनच बाजूला काढायचो.

मग तिथेच, बर्फाच्या पाण्यात उभे राहून, सर आमच्या लोकांना पुन्हा धर्म शिकवणाऱ्या दावीद राहबींची गोष्ट सांगत. आमची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली. वाचलेल्यांचे वंशज कोकणच्या गावागावांत तेलाचे घाणे चालवत राहिले. हिब्रू विसरली. राहिलं ते चार गोष्टींत: शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, मुलग्यांची सुंता, खाण्यातलं वर्ज्यावर्ज्य आणि ओठांवरचा एक ‘शेमा’, म्हणजे देव एकच असं सांगणारं वचन. जन्माला शेमा, लग्नाला शेमा, मयतालाही शेमा. अशा लोकांत दावीद राहबी आले आणि हे खरोखर यहुदी आहेत का हे बघायला त्यांनी बायकांपुढे मिसळ मासळी ठेवली. बायकांनी पर-खवल्यांची मासळी ठेवून घेतली आणि बाकीची बाजूला सारली. राहबींची खात्री पटली. त्यांनी झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतली तीन माणसं निवडली, त्यांना शिकवलं आणि काजी, म्हणजे धर्मविधी करणारे, केलं.

ही गोष्ट प्रत्येक बेने इस्राएल घरात सांगतात. पण सरांचा भर कशावर असायचा, तर राहबींनी आधी बायकांच्या हाताकडे बघितलं यावर. पोथी एकही उरलेली नसताना धर्म चुलीपाशी राहिला होता. ते हे सांगायला लागले की आमच्याबरोबर आलेल्या आज्या डबे सांभाळत उगाच ताठ बसायच्या.

लाँचमध्ये गाणी, उलट्या, शेंगदाणे. रेवसला उतरून पुढे एसटी. या प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांच्या सहलींत असतं तेच.

खंडाळ्याला पोहोचल्यावर मलिद्याची तयारी सुरू व्हायची. मलिदा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पोहे भिजवून मोकळे करायचे, त्यात ओलं खोबरं खोवून घालायचं, गूळ किंवा साखर, वेलची, जायफळ, वरून बदाम-पिस्ते. मोठ्या परातीत पोह्यांचा ढीग, भोवती फळं: खजूर, केळी, सफरचंद, संत्री, चिकू, जे मिळेल ते. मध्ये सब्जाची किंवा गुलाबाची सुवासिक डहाळी. मग सगळे उभे राहून ‘एलियाहू हन्नाबी’ गातात, आणि एकेका जिनसावर त्याची त्याची बेराखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी प्रार्थना, म्हणून तो वाटतात. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, सुवासाची वेगळी.

पहिल्या वर्षी सरांनी केळ्याचा घड उचलला आणि विचारलं, याला कुठली बेराखा? आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, झाडाची! सर काही बोलले नाहीत. आम्हाला घेऊन शेजारच्या वाडीत गेले. वाडीवाल्याला विचारून त्यांनी नुकताच घड उतरवलेली केळ दाखवली. घड उतरवला की तो खुंट संपला, तो तोडून टाकायचा. पुढचा घड बुंध्याशी फुटलेल्या मुनव्यातून येणार. सरांनी खुंटाचा तुकडा आमच्या हातात दिला. सोपटावर सोपट, आत लाकूड कुठे नाहीच. जे झाड वर्षानुवर्षं उभं राहून त्याच फांदीवर पुन्हा फळ देतं त्याच्या फळाला ‘हा-एत्झ’. केळ तशी नाही, म्हणून केळ्याला जमिनीची बेराखा, ‘हा-अदामा’. आणि खजूर? तो माडासारखाच उभा राहतो, म्हणून झाडाचा. शिवाय तोरात इस्राएलच्या भूमीची जी सात पिकं सांगितली आहेत त्यांतला, म्हणून परातीत त्याचा मान आधी.

हाताला केळीचा चीक लागला होता. तो डाग फ्रॉकवरून कधीच निघाला नाही, आईची बोलणी खाल्ली. पण त्या दिवसापासून बेराखा म्हणजे नुसते पाठ केलेले शब्द राहिले नाहीत. काहीही तोंडात टाकण्याआधी ते कुठून आलं, कसं वाढलं हे क्षणभर मनात येतं. माझ्या ओळखीतले सरांचे सगळे विद्यार्थी आज साठीच्या आसपास आहेत, आणि यातला एकही केळं खाताना चुकत नाही.

सरांकडे एक वही होती. लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारी लिहायला वापरतात तशी लांबोडकी. तिच्यावर त्यांनी मराठीत ‘प्रश्न’ एवढंच लिहिलं होतं. वर्गात ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांना तिथल्या तिथे देता येत नसे तो ते वहीत उतरवून घेत; तारीख, विचारणाऱ्याचं नाव, प्रश्न, आणि खाली अर्धं पान कोरं. ते कोरं पान मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या माणसांना प्रश्न विचारून धपाटा खाण्याचे ते दिवस. शाळेतल्या मास्तरांना उलट काही विचारायची सोय नव्हती. आणि इथे पांढरे केस झालेला माणूस दहा वर्षांच्या पोराला म्हणत होता, हे मला ठाऊक नाही, बघून सांगतो. आणि सांगत होता. कधी पुढच्या रविवारी, कधी पुढच्या वर्षी.

वर्गातल्या एका मुलाने एकदा विचारलं होतं: आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, पण मग घाण्याचा बैल शनिवारी काय करायचा? सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी सेफेरातून, म्हणजे तोराच्या ग्रंथातून, दहा आज्ञांपैकी चौथी काढली आणि सावकाश वाचून तिचा मराठीत अर्थ सांगितला: त्या दिवशी तू काम करू नकोस, तुझा मुलगा, मुलगी, चाकर, तुझी गुरंढोरं, तुझ्या दाराशी आलेला परका, कोणीच नाही. दुसऱ्या जागी तर बैल आणि गाढव यांची नावं घेऊन सांगितलंय. मग ते आणखी पुढे गेले. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं घालू नये असंही तोरात आहे. ‘मुसकं कोणी पाहिलंय?’ आमच्यातले जे सुट्टीत गावी जायचे त्यांनी हात वर केले. तो एक रविवार सगळा बैलावर गेला. त्या मुलाच्या आजोबांचा घाणा रोह्याकडे होता. घरी जाऊन त्याने आजोबांना पोस्टकार्ड लिहिलं, आणि आजोबांचं उत्तर आलं ते सरांनी वर्गात वाचून दाखवलं: बैलाला शनिवारी सकाळी ओढ्यावर धुवायचा आणि दिवसभर सोडून द्यायचा, त्याला वार कळायचा.

हे सगळं सरांनी कुठून आणलं? ते स्वतः म्हणायचे की शिकवणाऱ्यांची ही ओळ मोठी आहे, मी तिच्या शेपटाला आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून यहुदी शिक्षक आमच्या लोकांत आले आणि त्यांनी हिब्रू व उपासनेची रीत शिकवली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळांत बेने इस्राएल मुलं हिब्रू शिकली. विल्सनसाहेबांनी 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं होतं. हेतू धर्मांतराचा होता, हे सर लपवत नसत. पण ज्याने अक्षर शिकवलं त्याचं ऋण मानायचं, हेही बजावत. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकरांनी इस्राएली शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. आणि सरांचे लाडके म्हणजे जोसेफ इझिकेल राजपूरकर. 1834 ते 1905 असं त्यांचं आयुष्य. डेव्हिड ससून यांच्या शाळेत ते शिकवत, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते, आणि प्रार्थनांची किती पुस्तकं त्यांनी मराठीत आणली! आपल्या आज्यांना आपण काय म्हणतो आहोत ते समजलं ते या माणसामुळे, असं सर म्हणत. पाठीवर थाप मारावी तशा आवाजात ते हे नाव घेत.

म्हणूनच वर्गाचा एक नियम होता. जो पाराशा, म्हणजे तोराचा आठवड्याचा भाग, शिकलो तो त्या आठवड्यात घरातल्या एका मोठ्या माणसाला मराठीत सांगायचा. नुसती हिब्रू घडाघडा वाचून दाखवली तर सर म्हणत, ‘छान. आता आजीला सांगून ये.’ माझी आजी कडक होती. गोष्ट जिथे मला नीट कळलेली नसे तिथे ती बरोबर पकडायची.

हनुक्काच्या, म्हणजे दिव्यांच्या सणाच्या, आठवड्यात मंडळाचं संमेलन व्हायचं. सभागृह भाड्याने, मुलांची नाटुकली, बक्षिसं, शेवटी दिवे लावणं. पण संमेलनाचं खरं आकर्षण कीर्तन. आमच्या समाजात कीर्तनाची सुरुवात 1880 च्या सुमाराची. दावीद हाईम दिवेकर आणि त्यांच्या मंडळींनी ती केली. हिंदू कीर्तनकारांची रंगत बघून त्यांनी योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्यानं साकी, दिंडी, आर्या, ओवीत बांधली. सरांचा आवाज काही फार मोठा नव्हता, पेटीवाला त्यांना सांभाळून घ्यायचा. पण योसेफाचे भाऊ त्याला विकून त्याचा झगा बापासमोर आणून टाकतात त्या ठिकाणी ते थांबत, आणि याकोबाचा विलाप दिंडीत येई तेव्हा मागच्या रांगेत गप्पा मारणारी तरुण पोरंसुद्धा गप्प व्हायची. उत्तररंगाच्या आधी ते आम्हा मुलांतल्या कोणाला तरी उभं करून विचारत, भावांपैकी कोणाला वाटलं की हे चुकतंय? रऊबेन! मग तो काय म्हणाला? आणि म्हणूनही पुरेसं का नाही केलं त्याने? भरल्या सभागृहात, आईबापांदेखत. मी एकदा उभी राहिले होते. पाय लटपटत होते, पण रऊबेनाची बाजू मांडली, आणि सर म्हणाले, वकील आहे ही. मी पुढे वकील झाले नाही. पण कचेरीत कोणाच्या अंगावर खोटं बालंट आलं की माझ्याने गप्प बसवत नसे, आणि त्याची सुरुवात त्या स्टेजवर झाली हे मला पक्कं माहीत आहे.

पुरीमचा, म्हणजे आमच्या जुन्या भाषेत होळीच्या सणाचा, कार्यक्रम लहान असायचा. तो सोडते.

पेसाहच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या, आधीच्या रविवारी मात्र मोठी बैठक. घरोघरच्या सेदेरची, म्हणजे त्या सणाच्या रात्रीच्या जेवणाची आणि विधीची, तयारी म्हणून सगळा वर्ग आणि त्यांची घरची मंडळी जमायची. सर एका जुन्या हग्गादाची, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पोथीची, प्रत कापडात गुंडाळून आणत. पुण्यात 1874 साली छापलेली ही हग्गादा, हिब्रूखाली मराठी. तिच्यात एक चित्र आहे, बायका मात्झा, म्हणजे बिनखमिराच्या पोळ्या, करताहेत: साड्या नेसलेल्या, उकिडव्या बसलेल्या, कोणी लाटतेय, कोणी भाजतेय. इजिप्तमधून सुटकेची गोष्ट आणि बायका आपल्या पनवेल-पेणच्या. प्रत इतकी जीर्ण की पानं सर स्वतःच उलटत. आम्ही फक्त मान पुढे करून बघायचो.

त्या बैठकीत वर्गातलं सगळ्यात लहान मूल ‘मा निश्ताना’चे चार प्रश्न म्हणायचं आणि मग प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न मराठीत विचारायचा. एका वर्षी माझ्या मैत्रिणीने विचारलं, मी वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा चांगलं वाचते, मग शब्बाथला तेबावर, म्हणजे मशिदीतल्या वाचनाच्या ओट्यावर, तोरा वाचायला त्यांना बोलावतात, मला का नाही? बैठकीत कुजबुज झाली. समाजाच्या प्रमुखांच्या, म्हणजे मुकादमांच्या, कपाळाला आठी. तिची आई तिला खाली ओढायला लागली. सरांनी हाताने थांबवलं आणि लाल वही काढली. ‘आज उत्तर नाही,’ ते म्हणाले, आणि सगळ्यांसमोर प्रश्न उतरवून घेतला.

दोन पेसाह गेले. तिसऱ्या वर्षी त्याच बैठकीत सरांनी तिला उभं केलं. तालमूदात, म्हणजे जुन्या शास्त्रचर्चेच्या ग्रंथात, मेगिल्ला या भागात, असं आहे, ते म्हणाले, की शब्बाथला सात जणांना तोरा वाचायला बोलावतात त्या सातांत बाईसुद्धा मोजता येते. पण पुढे शास्त्री म्हणतात, जमलेल्या मंडळींचा मान राहावा म्हणून तिने वाचू नये. म्हणजे तुझं म्हणणं पोथीत आहे, आणि त्याला आडकाठी का, तेही आहे. दोन्ही मी तुझ्या नावाखाली लिहिलंय. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘मग मंडळींचा मान कशात आहे, हे कोण ठरवतं?’ सरांनी पुन्हा वही उघडली. या दुसऱ्या प्रश्नाखालचं पान मी पुढे पाहिलं आहे. ते कोरंच आहे.

वर्ग हळूहळू रिकामा होत गेला. 1948 नंतर समाज इस्राएलला जायला लागला होताच. आमच्या वर्गातली मुलंही एकेक करून गेली. अश्दोद, लोद, दिमोना, बेएर शेवा. जाणाऱ्या प्रत्येकाला सर निरोपाला विमानतळावर जायचे. आधीच्या पिढीने तिथे फार सोसलं होतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएल लोकांच्या लग्नांबाबत चौकश्या लावल्या, आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की हे सर्वार्थाने यहुदी आहेत. सरांच्या विद्यार्थ्यांना निदान वाचता-बोलताना कोणी अडवलं नाही. दिमोनात एकाला विचारलं, इतकं स्वच्छ कुठे शिकलात? त्याने सांगितलं, भायखळ्याजवळ, रविवारी.

तो आता आपल्या नातवाला बार मित्स्वासाठी, म्हणजे मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावरच्या विधीसाठी, पाराशा शिकवतो, सरांच्याच चालीत. मला त्याने फोनवर ऐकवलं. एका जागी सर श्वास घ्यायला थांबत, कारण त्यांना दमा होता. नातूही तिथे थांबतो.

इकडे आम्ही थोडे उरलो. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा मंडळाच्या सभेत सगळ्यांना आधी सरांची आठवण झाली. त्यांनी त्यासाठी कितीदा अर्ज लिहिले होते. मी ठाण्याला राहते. चार-पाच मुलांना अक्षरं शिकवते, आणि वही ठेवते.

ती मैत्रीण बेएर शेवाला असते, शाळेतून तोरा शिकवून नुकतीच निवृत्त झाली. सर गेल्यावर लाल वही घरच्यांनी तिच्याकडे पाठवली, तसं त्यांनी लिहून ठेवलं होतं. मी तिच्याकडे गेले तेव्हा आम्ही दोघींनी ती पानपान वाचली. तिचं म्हणणं असं की सर आणखी जगते तर त्या कोऱ्या पानावर त्यांनी तिला परवानगी लिहून दिली असती. मला नाही तसं वाटत. सर रीत मोडणारे नव्हते. त्यांनी मुकादमांना दुखावलं नसतं आणि प्रश्नही खोडला नसता. या पेसाहलाही तिचा फोन आला, मात्झांचं झालं, सुनेच्या बाळंतपणाचं झालं, आणि पुन्हा त्या पानावरून आमची जुंपली. ती म्हणाली, अगं, त्यांनी वही मला का पाठवली मग? मी म्हटलं, उत्तर शोधायला. ती म्हणाली, लिहायला.